पिकवले, आता टिकवूही या

शाळेच्या बागेत मुले कार्तिकात बटाटे लावतात आणि फाल्गुनात काढतात. मग परीक्षा तोंडावर असते, म्हणून सारा माल दोन दिवसांत वाटून मोकळे होतो. माझ्या मते बागेचा अर्धा धडा इथे गळतो. पिकवणे हे अर्धे काम, टिकवणे हे उरलेले अर्धे.

थंड देशांत कंदमुळांना हिवाळ्यात गोठण्यापासून जपतात. आपल्या माळव्यात त्यांना उन्हाळ्यापासून जपावे लागते. इथले शेतकरी झाडाच्या सावलीत ढीग रचून किंवा खड्डा करून, वर गवत पसरून बटाटा दोन-तीन महिने राखत आले आहेत. शाळेतही हे सहज जमेल. बटाटे धुवायचे नाहीत. १०-१५ दिवस सावलीत, झाकून, साल पक्की होऊ द्यायची. कुदळ लागलेले निवडून आधी खायचे. बाकीचे अंधाऱ्या, हवेशीर जागी कोरड्या गवतावर ठेवून वर कडुनिंबाचा वाळलेला पाला घालायचा. अंडी घालणारा पतंग त्यामुळे दूर राहतो. उजेड लागला तर बटाटा हिरवा होतो, तो खाऊ नये. कांदा शेजारी नको. गाजर-बिटाला मात्र पाने कापून किंचित ओलसर वाळूचे थर हवेत.

कुणी म्हणेल, मंडीत बटाटा मिळतो, घरी फ्रिज आहे, मग हा खटाटोप कशाला? फ्रिजमध्ये बटाट्यातील स्टार्चची साखर होते. तो गोडसर लागतो आणि तळताना काळपट पडतो. आणि मंडीतून बटाटा येईल, पण दर आठवड्याला ढीग उघडून सडका वेचणे, वजन करणे, वहीत नोंदवणे, ही सवय विकत मिळत नाही. काही माल सडेलच. किती आणि का, हाच तर प्रयोग.

उरलेले गवत-पाला खतात जावे. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात आपल्याच शहरात कंपोस्टची जी रीत बसवली, ती जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. आपल्या मुलांना ती पुस्तकातूनच का कळावी?

विश्वस्तांना विनंती एवढीच : जिन्याखालची कोरडी जागा द्यावी. पालकांनी सुटीत आठवड्याची पाळी घ्यावी. दोन दिवसांत संपणारी बाग ही शोभेची वस्तू ठरते, आणि वाहने लावायला जागा कमी पडली की पहिली कुऱ्हाड तिच्यावरच येते. वैशाखापर्यंत घास पुरवणाऱ्या बागेला हात लावताना मात्र कोणीही दहादा विचार करील.