कापूस आमचा, अनुदान सातबाऱ्याला



२०२३ च्या खरिपातल्या कापूस आणि सोयाबीनसाठी सरकारने अनुदान जाहीर केलं. हेक्टरी ५ हजार रुपये, २ हेक्टरपर्यंत. २० गुंठ्यांच्या आत असेल तर सरसकट १ हजार. ३० सप्टेंबर २०२४ पासून पैसे खात्यावर पडू लागले. गावात मोबाईल वाजले. दावेवाल्यांच्या वस्तीवर एकही वाजला नाही.

का? आम्ही कापूस लावला नव्हता का? कन्नड-सोयगावच्या डोंगरकडेला आमच्या आईबापांनी दगड वेचून वनजमिनीची शेतं केली. बियाणं त्याच दुकानातनं, त्याच भावानं घेतलं. बोंडअळीनं काही आम्हाला सातबारा विचारला नाही. पण अनुदानाला ई-पीक पाहणी लागते, आणि तिथं आधी खातेदार निवडावा लागतो. ज्याचा वनहक्काचा दावा समितीकडं पडून आहे, त्याचं नाव तिथं कुठनं येणार? पुढं पाहणीची अट सैल केली. कुणासाठी? ज्याच्या सातबाऱ्यावर पिकाची नोंद आहे त्याच्यासाठी. म्हणजे फिरून भोपळे चौकात.

हिशोब करा. २ एकर म्हणजे ०.८ हेक्टर, म्हणजे ४ हजार रुपये बुडाले. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. पण सीसीआयच्या केंद्रावर कापूस घालायचा तरी सातबारा दाखवा! मग घरी येणाऱ्या व्यापाऱ्यालाच द्यावा लागतो. तो सातबारा मागत नाही, भाव पाडून मागतो. जिनिंगमध्ये ढीग लागल्यावर वनजमिनीचा कापूस कोणता न् मालकीचा कोणता, हे ओळखून दाखवावं कुणी.

वर ऐकवतात, ‘अतिक्रमण करता अन् अनुदान मागता?’ त्यांना सांगा, वनहक्क कायदा २००६ वाचा. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासीचा हक्क त्यात मानलाय. दाव्याची तपासणी पूर्ण होईपर्यंत त्याला हटवता येत नाही. हक्क मान्य झाला की सरकारी योजना त्याच्यापर्यंत पोचवायच्या, हे २०१२ च्या सुधारित नियमांत आहे. म्हणजे सगळं अडलंय ते दाव्यावर. दावा सरकारनंच लटकवायचा आणि दावा लटकलाय म्हणून अनुदान नाकारायचं! आई जेवू घालीना अन् बाप भीक मागू देईना.

दाव्यावर शेवटचा शिक्का जिल्हास्तरीय समितीचा. कायद्यानं तिच्यात जिल्हा परिषदेचे ३ सदस्य असतात. पण औरंगपुऱ्यातल्या जिल्हा परिषदेत २०२२ पासून कित्येक वर्षं निवडून आलेलं कुणीच नव्हतं, प्रशासक बसला होता. आमच्या मतानं निवडलेला माणूस मग त्या समितीत कुठनं येणार होता?

आमचं मागणं सरळ आहे. प्रलंबित दाव्यांचा निकाल लावा. तोवर तलाठ्यानं ग्रामसभेच्या वनहक्क समितीसमोर शेतात येऊन पीक लिहावं, आणि तीच नोंद अनुदानाला आणि हमीभावाला धरावी. दावा नाकारायचा तर कारण लेखी द्या, आम्ही ६० दिवसांत अपील करू.

आपण काय करायचं? दाव्याची पोच जपा. बियाण्याची पक्की पावती स्वतःच्या नावानं घ्या. कापूस उभा आहे तोवर ग्रामसभा लावून पिकाचा ठराव लिहून घ्या. वेचणी झाल्यावर पुरावा म्हणून नुसत्या पऱ्हाट्या उरतात.

उपकार नको, हक्काचं द्या!