नातवाचे सादरीकरण आणि आजोबांची झोप

वृद्धांच्या निद्रानाशाकडे आज मी जरा अनपेक्षित वाटेने येणार आहे. ती वाट एका मोबाइल गेममधून आणि नववीच्या वर्गातील एका सादरीकरणातून जाते. या प्रकरणात चूक माझीही झाली होती. म्हणूनच ते आपल्यापुढे मांडणे मला अधिक आवश्यक वाटते.

तळोजा फेज १ मधील माझ्या दवाखान्यात चौऱ्याहत्तर वर्षांचे एक गृहस्थ येतात. आपण त्यांना नाना म्हणू. येथील औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात त्यांनी उभे आयुष्य पाळ्यांमध्ये काम केले. आता मुलगा, सून आणि नातू यांच्यासह ते सिडकोच्या छोट्या घरात राहतात. मुलगा व सून सकाळी पेंधर स्थानकातून मेट्रोने कामाला जातात, ते दिवेलागणीनंतरच परततात. शाळा सुटल्यापासून तोपर्यंत नाना आणि नातू एकमेकांचे सोबती. रात्री मुलगा-सून आतल्या खोलीत, नाना हॉलमधील दिवाणावर आणि नातू खाली गादीवर, अशी झोपण्याची व्यवस्था.

काही महिन्यांपूर्वी नाना तक्रार घेऊन आले. झोप लागत नाही, लागली तरी मोडते, सकाळी डोके जड असते. एरवी १३०/८० च्या आसपास राहणारा त्यांचा रक्तदाब त्या दिवशी १५६/९० भरला. संध्याकाळचा चहा, लघवीसाठी उठणे, गुडघ्याचे दुखणे, घोरणे, मनाला काही लागले आहे का, हे सारे मी विचारले. समाधानकारक कारण सापडले नाही, म्हणून दहा दिवसांपुरती झोपेची गोळी लिहून दिली. ‘तुमच्या खोलीत आणखी कोण झोपते?’ हा साधा प्रश्न मात्र मी विचारला नाही.

आठवडाभराने नाना पुन्हा आले, या वेळी नातवाला घेऊन. तक्रार नानांची नव्हती. काम नातवाचे होते. शाळेत प्रत्येकाने आपल्या आवडीच्या स्पर्धात्मक खेळावर दहा मिनिटांचे सादरीकरण करायचे होते. त्याने ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’, म्हणजे मुलांच्या तोंडी असलेला ‘बीजीएमआय’, निवडला होता. बाईंनी परवानगी देताना एक अट घातली होती: आरोग्याविषयी एक भाग हवा आणि त्यातील उत्तरे डॉक्टरांना विचारूनच लिहायची. मुलगा वही उघडून समोर बसला.

मी म्हटले, “आधी मला खेळ समजावून सांग. नानांनाही कळेल अशा रीतीने सांग.” नानांना थोडे कमी ऐकू येते. पहिल्या दोन वाक्यांतच ते म्हणाले, “अरे, गाडी सुटल्यासारखा बोलू नकोस.” मग तो त्यांच्याकडे तोंड करून सावकाश सांगू लागला. शंभरपर्यंत खेळाडू विमानातून एका बेटावर उड्या घेतात. हाती काही नसते. घरे धुंडाळून शस्त्रे, औषधे गोळा करायची. सुरक्षित वर्तुळ हळूहळू आक्रसत जाते, बाहेर राहणाऱ्याची शक्ती घटते. चार-चार जणांच्या संघांपैकी जो शेवटपर्यंत टिकेल, तो जिंकला. एक फेरी साधारण अर्ध्या तासाची.

त्याने तयारीही बरी केली होती. या खेळाचा मूळ अवतार ‘पबजी’ २०१७ साली संगणकावर आला आणि २०१८ मध्ये मोबाइलवर. भारत सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी पबजी मोबाइलवर बंदी घातली. पुढच्या वर्षी ‘बीजीएमआय’ या नावाने भारतासाठी नवी आवृत्ती आली, जुलै २०२२ मध्ये तीही काढली गेली आणि मे २०२३ मध्ये परतली. अशा स्पर्धांना ई-स्पोर्ट्स म्हणतात; २०१८ च्या जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत त्या प्रदर्शनीय स्वरूपात झाल्या आणि भुजच्या तीर्थ मेहता याने ‘हार्थस्टोन’ या पत्त्यांच्या खेळात कांस्य मिळवले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने हा विषय क्रीडा मंत्रालयाकडे सोपवला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. नाना कौतुकाने ऐकत होते. “एवढं सगळं आहे होय त्यात!” असे ते दोनदा म्हणाले.

मग आरोग्याचे प्रश्न आले. डोळे, मान, अंगठ्याचे दुखणे झाले. चौथा प्रश्न होता: “चौदा वर्षांच्या मुलाला किती झोप हवी?”

“आठ ते दहा तास,” मी सांगितले. “तू किती झोपतोस?”

नानाच घाईने म्हणाले, “झोपतो हो तो. साडेदहाला अंथरुणावर असतो.”

मुलाचे पेन थांबले. खाली पाहत तो म्हणाला, “नाना, राहू द्या. मॅडम, मी एक-दीडपर्यंत खेळतो. नाना कूस बदलतात तेव्हा मोबाइल पालथा घालतो.”

दवाखान्यात क्षणभर कोणी बोलले नाही. मग नाना बोलू लागले. त्यांना सारे ठाऊक होते. भिंतीवर हलणारा उजेड, दबक्या आवाजातील हाका, मध्येच दाबलेले हसू. परंतु सांगितले तर बाप मोबाइल हिसकावून घेईल, पोरगे रुसेल. “दिवसभर माझ्याशी बोलणारा हा एकच आहे, डॉक्टर. तोही तोंड फिरवून बसला तर?” म्हणून त्यांनी जागरण सोसले आणि माझ्याकडे गोळी मागितली. त्याच वेळी आणखी एक गोष्ट कळली. गोळी घेतल्याच्या चौथ्या रात्री न्हाणीघराकडे जाताना त्यांचा तोल गेला होता; कपाटाचा आधार मिळाला म्हणून खुब्याचे हाड वाचले.

वाचकहो, झोपेच्या अनेक गोळ्यांनी वृद्धांचा तोल जाणे, रात्री गोंधळ होणे, पडून हाड मोडणे यांचा धोका वाढतो, हे मला चांगले ठाऊक आहे. तरीही मी गोळी दिली, कारण मी नानांचा रक्तदाब तपासला, पण त्यांची खोली विचारली नाही. गोळी मी तिथेच बंद केली. आपल्यापैकी कोणी अशी गोळी दीर्घकाळ घेत असेल, तर ती मनाने एकाएकी सोडू नये. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावी.

मुलाचा पुढचा प्रश्न त्याने स्वतःसाठीच लिहिला असावा: “हे व्यसन आहे का?” जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे जानेवारी २०२२ पासून लागू झाले, गेमिंगच्या विकाराची नोंद आहे. त्यासाठी तीन गोष्टी पाहतात: खेळण्यावर ताबा न राहणे, इतर साऱ्या गोष्टींपेक्षा खेळाला प्राधान्य मिळणे आणि नुकसान होत असूनही खेळ चालूच राहणे. हे चित्र सहसा किमान बारा महिने दिसावे लागते. या मुलाचा अभ्यास, मित्र, जेवणखाण शाबूत होते. झोप मात्र गेली होती. आजाराचे नाव देण्याची गरज नव्हती, वेळेवर लगाम घालण्याची होती. आपल्या घरातील मुलाचे शाळा-जेवण सुटत असेल, खेळ थांबवताच टोकाचा संताप होत असेल किंवा चोरून पैसे खर्च होत असतील, तर मात्र मानसोपचारतज्ज्ञांना दाखवण्यास संकोच करू नका.

लगाम कसा घालावा, हेही सादरीकरणानेच शिकवले. ‘आत्ताच्या आत्ता बंद कर’ यावर मुले का भडकतात, हे मला त्या दिवशी उमगले. फेरी मध्येच सोडली तर बाकीचे तीन साथीदार अडचणीत येतात. म्हणून मिनिटांऐवजी फेऱ्यांत बोलायचे ठरले: गृहपाठानंतर, रात्रीच्या जेवणाआधी दोन फेऱ्या, साडेनऊला मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला. हे आईवडिलांना मुलानेच सांगायचे, नानांनी शेजारी बसायचे.

वडील संतापलेच. तेव्हा नाना म्हणाले, “पहिली चूक माझी. ओटीपी मी दिला होता.” या खेळात अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकाच्या मोबाइलवर ओटीपी जातो आणि दिवसाला तीन तासांची मर्यादा असते. नातवाने ओटीपी मागितला, नानांनी कशाचा ते न विचारता वाचून दाखवला. वयाच्या रकान्यात अठरा भरले गेले. सुदैवाने त्या मोबाइलला जोडलेल्या बँकेच्या खात्याला धक्का लागला नव्हता. आजी-आजोबांनो, नातवावर माया करा. पण ओटीपी कशासाठी आहे हे संदेशात वाचल्याशिवाय तो कोणालाही सांगू नका, नातवालाही नाही.

पुढचे दहा दिवस रोज संध्याकाळी सादरीकरणाची तालीम झाली. श्रोते एकटे नाना. दिवाणावरून त्यांना बारीक अक्षरे दिसेनात, म्हणून बारा स्लाइडच्या पाच झाल्या आणि अक्षरे मोठी झाली. नानांना ऐकू यावे म्हणून बोलणे सावकाश झाले, टीव्ही बंद राहिला. ओरडून बोलण्याचा उपयोग नसतो. उजेडात, समोरासमोर, स्पष्ट बोलावे लागते, हे त्या घराला यानिमित्ताने कळले. दुसऱ्या दिवशी नानांनी ऐकलेले परत सांगायचे, असाही खेळ सुरू झाला. ऐकणे, आठवणे, प्रश्न विचारणे यांनी बुद्धीला चालना मिळते आणि एकटेपण तेवढा वेळ दूर राहते. आरोग्याच्या स्लाइडसाठी नानांनी स्वतःचा अनुभवही पुरवला: “रात्रपाळीत पहाटे चारला डुलकी लागली की फोरमन उठवायचा. मला निदान पगार मिळायचा. तू फुकटात रात्रपाळी करतोस.” मुलाने हे वाक्य जसेच्या तसे वर्गात म्हटले. वर्ग हसला, बाईही हसल्या.

महिन्याभराने नानांचा रक्तदाब १३८/८४ होता. सारे श्रेय झोपेला देणार नाही; सूनबाईंनी लोणच्याची बरणीही वरच्या फळीवर ठेवली आहे. मध्ये एकदा मोबाइल पुन्हा गादीखाली सापडला. या वेळी नाना गप्प राहिले नाहीत. नातू दोन दिवस फुगून बसला आणि तिसऱ्या दिवशी स्वतःहून बोलायला आला.

झोपेची तक्रार घेऊन डॉक्टरांकडे जाल, तेव्हा चालू औषधांची यादी जरूर न्या. त्याबरोबर हेही सांगा: कोणत्या खोलीत झोपता, तिथे आणखी कोण असते, दिवा आणि पडदा कधी विझतो. घरच्यांचे गाऱ्हाणे वाटेल म्हणून संकोचू नका. आणि डॉक्टर विचारायला विसरले, तर आपण आठवण करून द्या. मीही विसरले होते.