क्वांटम गूढ ठेवून कोणाचे भले?

क्वांटम तंत्रज्ञान सामान्य वाचकाला सांगायचे म्हणजे त्याला आधी थक्क करून सोडायचे, ही समजूत विज्ञानलेखनात चांगलीच मुरली आहे. एकाच वेळी जिवंत आणि मेलेले मांजर, एकाच क्षणी दोन ठिकाणी असणारा कण, हजारो वर्षांचे गणित चुटकीसरशी सोडवणारे यंत्र, यांपैकी कशाने तरी लेखाची सुरुवात होते. या रीतीच्या बाजूने सांगितले जाते की विषय अवघड आहे, गणितावाचून तो कळायचा नाही, तेव्हा निदान कुतूहल तरी जागे व्हावे. हेतू चांगला आहे, परिणाम वाईट होतो. वाचकाच्या हाती चुकीची माहिती पडते आणि ज्या निर्णयांत त्याचा पैसा व त्याची कागदपत्रे गुंतली आहेत, ते त्याच्या नकळत होऊन जातात.

'क्वांटम संगणक सगळी उत्तरे एकदम तपासून पाहतो' हे वाक्य घ्या. सोपे करून सांगितले म्हणून ते खपवले जाते, पण ते मुळात चूक आहे. क्युबिट म्हणजे क्वांटम संगणकातले माहितीचे एकक; अशा ५० क्युबिटांची अवस्था मांडायला २ चा ५० वा घात, म्हणजे सुमारे ११ कोटी कोटी संख्या लागतात, हे खरे. मात्र शेवटी मोजणी केली की हाती येतात फक्त ५० बिट, आणि नुसती सगळ्या शक्यतांची सरमिसळ केलेली असेल तर तेही कोणते यायचे ते योगायोगाने ठरते. यंत्र चालवणाऱ्याचे कसब पुढेच आहे. पाण्यावरच्या दोन लाटा कुठे एकमेकींना उचलून धरतात आणि कुठे सपाट करून टाकतात, तसे चुकीच्या उत्तरांकडे जाणारे हिशेब परस्परांना खोडतील आणि बरोबर उत्तराकडचे बळावतील, अशी आखणी करावी लागते. अशी आखणी मोजक्याच प्रश्नांसाठी सापडली आहे. पीटर शोर यांनी १९९४ मध्ये मोठ्या संख्येचे अवयव पाडण्यासाठी ती दाखवली. लव ग्रोव्हर यांच्या १९९६ च्या रीतीने दहा लाख नोंदींतली एक हुडकायला हजाराच्या आसपास पावले पुरतात. फायदा मोठा आहे, पण तो एका पावलात होत नाही. एवढे सांगायला एकही समीकरण लिहावे लागले नाही. मग गणिताची सबब कितपत टिकते?

आकड्यांच्या आतषबाजीचेही तसेच आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये गूगलने जाहीर केले की त्यांच्या ५३ क्युबिटांच्या 'सिकामोर'ने २०० सेकंदांत केलेल्या कामाला महासंगणकाला १०,००० वर्षे लागतील. आयबीएमने त्याच सुमारास हिशेब मांडला की अडीच दिवस पुरतील. पुढे इतर संशोधकांनी ते काम साध्या संगणकांवर काही तासांवर आणले. काम कोणते, तर यादृच्छिक मंडलांतून नमुने काढण्याचे, ज्याचा व्यवहारात तेव्हा उपयोग नव्हता. डिसेंबर २०२४ मध्ये १०५ क्युबिटांचे 'विलो' आले तेव्हा पुन्हा अब्जावधी वर्षांचे मथळे झळकले. त्या यंत्राची खरी मोठी गोष्ट मथळ्याखाली दबून गेली. चुका सुधारणाऱ्या जाळीचा आकार ३ वरून ५ आणि ५ वरून ७ केला, तेव्हा चुकीचे प्रमाण दर वेळी निम्म्याहून थोडे खाली आले. क्युबिट वाढवले की चुकाही वाढतात, हे या क्षेत्राचे जुने दुखणे. ते आवाक्यात येऊ शकते याचा हा भक्कम पुरावा होता, आणि तो कोणत्याही पदवीधराला समजावून देता येतो.

यावर दुसरा आक्षेप असा, की झगमगाट नसेल तर सरकार पैसा देणार नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ एप्रिल २०२३ रोजी राष्ट्रीय क्वांटम मोहिमेला ६,००३.६५ कोटी रुपये मंजूर केले. आठ वर्षांत ५० ते १,००० क्युबिटांचे संगणक, हे तिचे एक उद्दिष्ट. मोठ्या संख्येचे अवयव पाडणे अवघड असते यावर विसंबलेली २,०४८ बिटांची आरएसए कुलूपपद्धत आठवड्याभरात फोडायला दहा लाखांहून थोडे कमी सदोष क्युबिट लागतील, असा क्रेग गिड्नी यांचा मे २०२५ चा अंदाज आहे. त्यांच्याच २०१९ च्या अंदाजात ही संख्या दोन कोटी होती. हे आकडे शेजारी ठेवले की अंतर किती आहे आणि ते किती वेगाने घटते आहे, दोन्ही दिसते. त्यामुळे मोहिमेचे समर्थन कमजोर होत नाही, उलट भक्कम होते. मुंबईच्या आयआयटीकडे याच मोहिमेतले संवेदन आणि मापनाचे केंद्र आहे. अतिसूक्ष्म चुंबकीय क्षेत्रे, गुरुत्वातले बदल आणि वेळ मोजणारी साधने हा त्याचा प्रांत. आपल्या दिशादर्शन यंत्रणेच्या २०१३ मध्ये सोडलेल्या पहिल्या उपग्रहावरची तिन्ही रुबिडियम घड्याळे पुढे निकामी झाली. ती परदेशातून आणलेली होती. देशी आण्विक घड्याळावर खर्च का करायचा, हे पटवायला याहून अधिक काय हवे? उलट चमत्काराची भाषा रूढ झाली की त्या शब्दावर कोणीही दुकान थाटतो. 'क्वांटम पेंडंट' आणि तत्सम दागिने आरोग्यासाठी म्हणून विकले जात होते. नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने डिसेंबर २०२१ मध्ये अशा दहा वस्तू किरणोत्सारी असल्याचे सांगून त्या वापरू नका, असे बजावले.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कुलपे फोडणारे यंत्र अजून नाही, मग आत्ताच बोलून लोकांना घाबरवायचे कशाला? महाराष्ट्रातला शेतकरी आज डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा काढतो आणि तो कागद कायदेशीर मानला जातो. भारतात मान्यता असलेल्या डिजिटल स्वाक्षऱ्या आरएसए किंवा एलिप्टिक कर्व्हच्या गणितावर उभ्या आहेत. शोर यांची रीत चालवू शकणारे मोठे यंत्र आले तर या दोन्ही स्वाक्षऱ्यांची नक्कल करता येईल, आणि जमिनीची नोंद तर पिढ्यान्‌पिढ्या टिकावी लागते. गुप्त मजकुराबाबत धोका त्याहून जवळचा आहे, कारण तो आज साठवून ठेवून पुढे उघडता येतो. पर्याय तयार आहेत. अमेरिकेच्या 'निस्ट' या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या पद्धतींची तीन मानके जाहीर केली. ब्रिटनने २०२८, २०३१ आणि २०३५ असे बदलाचे टप्पे आखून दिले आहेत. बदल मात्र फुकट होत नाही. आरएसएची २५६ बाइटांची स्वाक्षरी नव्या मानकात तीन हजारांहून अधिक बाइटांची होते, म्हणजे जुनी सॉफ्टवेअर, कार्डे आणि यंत्रे तपासावी लागतात. हे काम वर्षानुवर्षांचे आहे, म्हणूनच ते आधी सांगायला हवे. तारखा आणि उपाय सांगितल्याने घबराट होत नाही. ती होते अचानक कळण्याने.

मराठीत या विषयावर लिहिणाऱ्या शास्त्रज्ञांनी आणि संपादकांनी मांजर आता बाजूला ठेवावे. क्युबिट किती, चुकीचे प्रमाण किती, कोणते काम झाले आणि तेच साध्या संगणकाला किती वेळात जमते, हे प्रत्येक बातमीत छापावे. आणि आपल्या राज्यातल्या जमिनीच्या नोंदींवरची स्वाक्षरीपद्धत कोणत्या वर्षी बदलणार, हे वाचकांनी सरकारला आत्ताच विचारावे.