कुंतला पाहायला निघालेल्या आजी

गेल्या श्रावणातील एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर आमच्या धर्मग्रामातील एक आजी मजपाशी आल्या. वय अडुसष्ट. पैनगंगेच्या काठच्या गावात त्यांचा सारा जन्म गेला. इकडेतिकडे पाहून त्या हळूच म्हणाल्या, "फादर, मले एकदा तो कुंतला धबधबा पाहाचा हाय. पोराले तुमी सांगान का?"

मुलाने नकार दिला होता. खर्चाचा प्रश्न नव्हता. आजींनी आपल्या निवृत्तिवेतनातून पैसे बाजूला टाकले होते. "या वयात काय धबधबे पाहायचे?" एवढेच त्याचे म्हणणे होते. आणि वाचकहो, कबूल करावयास लाज वाटते, पण मीही त्याचीच री ओढली. गुडघे दुखतात, पायऱ्या फार आहेत, घरी बसून जपमाळ म्हणावी, असे काहीबाही मी बोललो. आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "वय झालं म्हणूनच तर म्हणतो ना, फादर." आणि चपला घालून निघून गेल्या.

पंचाहत्तराव्या वर्षी अब्राहामाने हारान सोडले, हे मी प्रवचनातून कितीदा तरी सांगितले आहे. अर्थात अब्राहामास आज्ञा झाली होती आणि आजींस कोणीच आज्ञा केली नव्हती. त्यांस केवळ पाणी पडताना पाहावयाचे होते. माझ्या मनात अडचण होती ती नेमकी तेथे.

आपल्या गावांतील बायका प्रवास करीत नाहीत असे नाही. लग्न, मयत, बाजार आणि दवाखाना या चार वाटांनी त्या पुष्कळ फिरतात, आणि त्या वाटेने जाणारीला "कशाला चाललीस?" असे कोणी विचारीत नाही. आजींचे यजमान दर दिवाळीला म्हणत, यंदा कापूस विकला की तुला कुंतला दाखवीन. कापूस दरवर्षी विकला गेला आणि पैसे दरवर्षी दुसरीकडे गेले. कधी बियाण्याच्या उधारीत, कधी मुलीच्या लग्नात. आठ वर्षांपूर्वी ते वारले. हे सारे मला नंतर कळले. त्या रविवारी मी विचारलेच नव्हते.

कुंतला तसा दूर कोठे आहे? नेरेडीगोंड्यापाशी राष्ट्रीय महामार्ग सोडला की जवळपास बारा किलोमीटर. कडेम नदी तेथे काळ्या कातळावरून सुमारे पंचेचाळीस मीटर, म्हणजे दीडशे फुटांच्या आसपास, खाली येते. तेथे सोमेश्वराचे स्थान असून महाशिवरात्रीस गर्दी लोटते. शकुंतलेवरून हे नाव पडले असे लोक सांगतात. हैदराबादेहून माणसे रात्रभर गाडी हाकून तो पाहावयास येतात आणि आपण जिल्ह्यातले लोक उन्हाळ्यात आटलेली कडेम बसच्या खिडकीतून पाहतो.

त्याच आठवड्यात मला एका परदेशी गृहस्थाची आठवण झाली. क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे व्हिएन्नाचे संशोधक. १९४० नंतरच्या वर्षांत ते पत्नी बेटीसह मारलवाई येथे गोंड लोकांत राहिले. (२०१६ च्या फेररचनेपर्यंत हे गाव आपल्याच जिल्ह्यात होते; आता ते कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात येते.) १९७६ साली लंडनच्या विद्यापीठातून ते निवृत्त झाले, तेव्हा वय सदुसष्ट होते. त्यांनी पुन्हा गोंड गावांची वाट धरली, आणि जेथे तरुणपणी घनदाट अरण्य पाहिले होते तेथे उघड्या टेकड्या व परक्यांच्या हाती गेलेल्या जमिनी पाहिल्या. ते सहलीस आले नव्हते, हे खरे. पण पहिले दृश्य डोळ्यांत साठविलेल्या म्हाताऱ्यास जो फरक दिसतो, तो नव्याने आलेल्या तरुणास दिसत नाही. १९८७ साली बेटीबाई वारल्या. त्यांची समाधी मारलवाईलाच आहे, आणि पुढे २०१२ साली पतीच्या अस्थीही तेथेच आणून ठेविल्या. व्हिएन्नाचा मनुष्य सदुसष्टाव्या वर्षी आपल्या डोंगरांत येतो, आणि डोंगरांच्या पायथ्याशी जन्मलेल्या बाईस मी जपमाळेचे निमित्त सांगून घरी बसवितो!

दुसऱ्या रविवारी मीच आजींच्या घरी गेलो.

मुलाशी बोलल्यावर त्याचे खरे भय कळले. "फादर, पाय घसरून काही झालं, तर गाव मलेच नावं ठेवन." हे भय पोकळ नव्हे. कुंतल्याच्या डोहात पोहावयास उतरून कित्येक तरुण बुडाले आहेत. म्हणून आम्ही ठरविले: भर पावसात जावयाचे नाही, निंदण आटोपून कापसाची वेचणी सुरू होण्याआधी, सप्टेंबरअखेर जावयाचे, दवाखान्यात आधी रक्तदाब तपासून घ्यावयाचा, पाण्यात कोणीही उतरावयाचे नाही. आजी महिनाभर रोज सायंकाळी चर्चपर्यंत पायी येऊ लागल्या. त्यांचे पाहून आणखी चौघे म्हातारे तयार झाले. जीपचे भाडे सर्वांनी वाटून घेतले.

आधी पोचेरा पाहिला. त्याची उंची जेमतेम वीस मीटर, पण गाडी जवळपर्यंत जाते. ज्यांचे गुडघे अगदीच गेले आहेत त्यांनी पोचेराच पाहावा, त्यात काही कमीपणा नाही. कुंतल्यास मात्र सुमारे चारशे पायऱ्या उतराव्या लागतात. दोघे वरच थांबले. आजी नातवाचा खांदा धरून, दर वीस पायऱ्यांवर बसत, खाली पोचल्या.

खाली त्या कातळावर बसल्या आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. तुषार अंगावर येत होते. पदर भिजला तरी त्यांनी तो सावरला नाही. शेवटी विचारले, "हे पाणी येते कुठून?" मी सांगितले, बोथकडच्या डोंगरांतून, आणि पुढे गोदावरीस मिळते. "आन आपल्या वावरातलं?" आपल्या वावरातले पैनगंगेत, पैनगंगा वर्धेत, वर्धा प्राणहितेत आणि प्राणहिता कालेश्वरापाशी गोदावरीत. आजींनी बोटांवर नद्या मोजल्या. "म्हणजे पुढं गाठ पडते," त्या म्हणाल्या.

वर चढावयास तासाहून अधिक वेळ लागला. दुसऱ्या दिवशी गुडघे सुजले, आणि दोन दिवस सुनेने तेल चोळून दिले. मुलगा आठवडाभर माझ्याशी नीट बोलला नाही. आजींनी मात्र शेजारपाजारच्या बायकांस इतके वर्णन करून सांगितले की वेचणीच्या वेळी शेतात दुसरा विषय नव्हता.

आता त्यांनी सहस्रकुंडाचे नाव काढले आहे. तेथे तर आपली पैनगंगाच उडी घेते, इस्लापूरजवळ. तो किनवटचा मुलूख १९५६ पर्यंत आपल्या जिल्ह्यात होता. तेथे पायऱ्या किती, असे परवा मला विचारीत होता तो त्यांचा मुलगाच.