विश्लेषण : ग्रहणात चंद्र किती थंड होतो?

७ सप्टेंबर २०२५च्या रात्री भारतातून खग्रास चंद्रग्रहण दिसले. ८२ मिनिटे चंद्र निखाऱ्यासारखा तांबूस होता. प्रत्यक्षात तेव्हा त्याची जमीन गोठत होती. हा गारठा मोजूनच, माणूस चंद्रावर उतरण्याच्या कितीतरी आधी तिथली माती ओळखली गेली.

तापमान मोजतात कसे?

डोळ्यांना दिसते ते चांदणे म्हणजे परावर्तित सूर्यप्रकाश, त्यावरून तापमान कळत नाही. त्यासाठी तापलेल्या जमिनीतून निघणारे अवरक्त किरण टिपावे लागतात. जून १९२७च्या ग्रहणात अमेरिकेतील माउंट विल्सन वेधशाळेत एडिसन पेटिट आणि सेथ निकोल्सन यांनी दुर्बिणीला थर्मोकपल जोडून ते टिपले. चंद्रबिंबाच्या कडेजवळ तापमान ६९ अंश सेल्सिअस होते. सावली पूर्ण चढेपर्यंत ते उणे ९८वर आले. पुढे संपूर्ण खग्रास काळात मात्र ते फक्त उणे ११७पर्यंत उतरले.

त्यातून काय कळले?

दिवसभर तापलेला कातळ सूर्यास्तानंतरही बराच वेळ चटका देतो. चंद्राची जमीन तासाभरातच गार पडली. म्हणजे वर अखंड खडक नाही, भुसभुशीत धूळ आहे. निर्वात जागी धुळीचे कण एकमेकांना जेमतेम टेकलेले असतात, त्यामुळे खालची उष्णता वर येत नाही आणि वरची खाली जात नाही. चांद्रयान-३च्या ‘चास्ते’ उपकरणाने २०२३मध्ये हेच जागेवर दाखवले : वर ५० अंशांहून अधिक, तर अवघ्या आठ सेंटिमीटरखाली सुमारे उणे १०!

पण रात्रही असतेच की?

असते, पण चंद्रावरचा सूर्य फार सावकाश मावळतो. ग्रहण तासाभरात ऊन काढून घेते, त्यामुळे अगदी वरच्या थराची परीक्षा होते. १९६०च्या ग्रहणात टायको विवर भोवतालापेक्षा उबदार राहिले. १९६४मध्ये सारी आणि शॉर्टहिल यांना इजिप्तमधून अशी शेकडो ठिकाणे सापडली. तिथे उघडे दगडधोंडे आहेत. टायकोसारख्या तरुण विवरांतील दगडांचा उल्कांच्या माऱ्याने अजून चुरा झालेला नाही.

यानांसाठी महत्त्व काय?

उतरण्याच्या जागी धोंडे असणे घातक, म्हणून असे नकाशे मोलाचे. शिवाय सौरऊर्जेवरील यानाला ग्रहणात दुहेरी फटका बसतो : वीज बंद आणि कडाक्याची थंडी. १४ मार्च २०२५च्या ग्रहणात चंद्रावर उभ्या असलेल्या ‘ब्लू घोस्ट’ यानाला ते तास बॅटरीवर काढावे लागले.