कागद खरा, माणूस खोटा

तहव्वूर हुसेन राणा याला १० एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेतून दिल्लीत आणण्यात आले आणि २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्याचे प्रकरण पुन्हा चर्चेत आले. त्या हल्ल्यात १६६ जणांचे प्राण गेले. राणाच्या दोषादोषाचा निर्णय न्यायालय करील. आम्हाला येथे विचार करावयाचा आहे तो त्याचा शाळासोबती डेव्हिड हेडली याच्याविषयी. खोटी ओळख आणि विकत घेतलेली माहिती या दोन्ही गोष्टी त्याच्या ठायी एकत्र आल्या होत्या, आणि त्याची पावले आपल्या पुण्यापर्यंतही पोहोचली होती.

हेडलीचे मूळ नाव दाऊद गिलानी. वडील पाकिस्तानी, आई अमेरिकन. हेरॉइनच्या तस्करीत पकडला गेल्यावर तो अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्याचा खबऱ्या झाला. तोच माणूस २००२ पासून लष्कर-ए-तय्यबाच्या छावण्यांत प्रशिक्षण घेऊ लागला. फेब्रुवारी २००६ मध्ये त्याने फिलाडेल्फिया येथे रीतसर नाव बदलले. भारतात आपण मुसलमान अथवा पाकिस्तानी वंशाचे वाटू नये हा त्यामागील हेतू त्याने स्वतःच कबूल केला आहे. त्यानंतर पाकिस्तानी गुप्तचर अधिकाऱ्याकडून सुमारे २५,००० डॉलर घेऊन तो मुंबईत आला. ताडदेव येथे परदेशगमनविषयक सल्ल्याचे कार्यालय थाटले आणि सप्टेंबर २००६ ते जुलै २००८ या काळात पाच फेऱ्यांमध्ये हल्ल्याच्या जागांचे चित्रीकरण केले.

त्याचे पारपत्र बनावट नव्हते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. शिक्का खरा, सही खरी, नावही कायद्याने मिळालेले. खोटी होती ती व्हिसाच्या अर्जातील माहिती: जन्मनाव, वडिलांचे खरे नाव आणि प्रवासाचा हेतू. याच पारपत्रावर तो मुंबईच्या संहारानंतर, मार्च २००९ मध्ये, पुन्हा भारतात आला. पुण्यातील छाबड हाउस आणि लष्कराच्या दक्षिण मुख्यालयाचा परिसर त्याने पाहिला, अशी साक्ष त्याने २०१६ मध्ये मुंबईच्या न्यायालयाला दिली.

याच्या उलट उदाहरण इराक युद्धाचे आहे. इराक नायजर देशाकडून युरेनियम घेत असल्याचे दाखवणारी कागदपत्रे २००२ मध्ये रोममधील अमेरिकन दूतावासात पोहोचली. माहितीचा व्यापार करणाऱ्या एका माजी इटालियन हेराने ती विकावयास काढली होती. त्यातील एका पत्रावर अनेक वर्षांपूर्वी पद सोडलेल्या मंत्र्याची सही होती! ही कागदपत्रे अस्सल नाहीत, असे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख मोहम्मद अल्बरादेई यांनी ७ मार्च २००३ रोजी सुरक्षा परिषदेत स्पष्ट सांगितले. तरीही दोन आठवड्यांच्या आत युद्ध सुरू झाले. जर्मनीत आश्रय मागणाऱ्या एका इराकी अभियंत्याने फिरत्या जैविक प्रयोगशाळांची कहाणी रचली होती. ती खोटी असल्याचे त्याने २०११ मध्ये मान्य केले. युद्ध टाळण्यासाठी पोप दुसरे जॉन पॉल यांनी कार्डिनल पिओ लाघी यांना वॉशिंग्टनला पाठवले होते, हे वाचकांना स्मरत असेल. ज्यांना युद्ध हवे होते, त्यांना खोटा कागदही पुरेसा वाटला.

विकत घेतलेल्या माहितीचा हा मूळ दोष आहे. विकणारा ग्राहकाची आवड ओळखून माल आणतो. मोबदला नेहमी पैशांतच असतो असेही नाही. हेडलीला सहकार्याच्या बदल्यात मृत्युदंडापासून व भारताकडे सोपवले जाण्यापासून अभय मिळाले आणि २०१३ मध्ये ३५ वर्षांची कैद झाली. राणावरील शिकागोच्या खटल्यात तो प्रमुख साक्षीदार होता. तथापि २०११ मध्ये तेथील ज्यूरीने मुंबई हल्ल्याच्या कटाच्या आरोपातून राणाला दोषमुक्त केले; अन्य दोन आरोपांत तो दोषी ठरला. माफीच्या साक्षीदाराच्या शब्दाला स्वतंत्र पुराव्याचा आधार हवा, असे आपली न्यायालयेही मानतात, ते याच कारणास्तव.

आणि ज्यांनी काहीही न मागता सावध केले, त्यांचे काय झाले? हेडलीच्या एका पत्नीने २००५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये आणि दुसरीने पुढे इस्लामाबादच्या अमेरिकन दूतावासात त्याच्याविषयी तक्रार केली होती. हल्ल्यापूर्वी कोणीही त्याला अडवले नाही. पगारी खबऱ्याला किंमत होती, घरच्या साक्षीदाराला नव्हती.

हा विषय आपल्यापासून दूर नाही. दिघी येथील संरक्षण संशोधन संस्थेचे तत्कालीन संचालक प्रदीप कुरुलकर यांना दहशतवादविरोधी पथकाने मे २०२३ मध्ये अटक केली. ब्रिटनमधील तरुणी असल्याचे भासवणाऱ्या पाकिस्तानी हेरव्यक्तीला त्यांनी गोपनीय माहिती दिली, असा आरोप आहे. आरोप म्हणजे सिद्ध झालेला गुन्हा नव्हे. परंतु खोट्या ओळखीला आता पारपत्राचीही गरज उरलेली नाही, एवढे यावरून दिसते.

पिंपरी, भोसरी, मोशी, चाकण, महाळुंगे या पट्ट्यात देशभरातील कामगार येतात. घरमालक आधारकार्डाची प्रत घेतो, कंत्राटदार दाखला मागतो, कोणी धर्मग्रामाचे पत्र घेऊन येतो. झारखंडहून वा बंगालहून आलेल्या गरिबाला, त्याचे कागद खरे असूनही, चार वेळा हटकले जाते. ओळखीचे ख्रिस्ती नाव, गोरा वर्ण वा सफाईदार इंग्रजी असलेल्याला कोणी काही विचारत नाही. हेडलीने आपल्या याच सवयीचा लाभ उठवला.

भाडेकरूची पोलिसांकडे नोंद अवश्य करावी. ते कर्तव्यच आहे. परंतु चौकशी सर्वांची सारखी असावी. आधी कोठे राहत होता, कोणाकडे काम केले, हे विचारून त्या ठिकाणी एक फोन करावा. शिफारसपत्र देणाऱ्याने जेवढे स्वतः जाणतो तेवढेच लिहावे. आणि शेजाऱ्याविषयीची ऐकीव गोष्ट पुढे सांगण्यापूर्वी ती सांगणाऱ्याचा त्यात काय लाभ आहे, हे पाहावे. खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा आपण बालपणीच शिकलो. न तपासता ती स्वीकारणे आणि पसरवणे हेही त्या आज्ञेच्या कक्षेत येते, असे आम्हाला वाटते.