सीमेवरची मोटार आणि विम्याचा कागद

मार्गशीर्षातील दत्तजयंती जवळ आली की गोव्याच्या आणि कोकणच्या गावोगावी गाणगापूरच्या यात्रेची बोलणी सुरू होतात. कोणी रेल्वेने गाणगापूर रोड स्थानकावर उतरून पुढचे वीसेक किलोमीटर जीपने वा रिक्षाने जातात. कोणी तीन-चार कुटुंबे मिळून घरूनच मोटार करतात. भीमा-अमरजेच्या संगमावर स्नान, निर्गुण पादुकांचे दर्शन, आणि सवड असल्यास पुढे हुमनाबादजवळच्या माणिकनगरास माणिकप्रभूंच्या समाधीला किंवा बीदरच्या झरणी नरसिंहाला, असा हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. निघताना नारळ वाढवला जातो, मोटारीला हार घातला जातो, शिदोरी बांधली जाते. परंतु मोटारीच्या खणात घडी घालून ठेवलेला विम्याचा कागद नेमके कोणाला आणि कशासाठी संरक्षण देतो, हे वाचून पाहण्याची तसदी फारच थोडे लोक घेतात. अपघात झाल्यावर तो कागद प्रथम उघडला जातो, आणि त्या वेळी पुष्कळदा फार उशीर झालेला असतो.

गाणगापूर ज्या कलबुर्गी जिल्ह्यात आहे तो जिल्हा आणि शेजारचा बीदर जिल्हा, हे दोन्ही 1 नोव्हेंबर 1956 च्या राज्यपुनर्रचनेत हैदराबाद राज्यातून त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेले. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांत मराठी बोलणारी घरे आजही मोठ्या संख्येने आहेत. त्यांची सोयरीक उदगीर, उमरगा, अक्कलकोटकडे. बाजार आणि मोठे इस्पितळ हैदराबादेत. आणि सरकार बेंगळुरूत, म्हणजे बीदरपासून सुमारे सातशे किलोमीटरवर. पुण्याहून सोलापूर, उमरगा, हुमनाबाद करीत हैदराबादेस जाणाऱ्या महामार्गावर तासभर उभे राहिले, तर तीन राज्यांच्या क्रमांकांच्या गाड्या सारख्याच संख्येने जाताना दिसाव्यात, असा हा मुलूख आहे. अशा ठिकाणी मोटार ही चैन राहिलेली नसून गरज झालेली आहे. आणि गरजेची वस्तू झाली की ती चालविण्याचा खर्च जिथे जिथे कमी करता येईल तिथे माणूस करणारच. त्यात सर्वांत आधी कात्री लागते ती विम्याला. म्हणूनच ‘स्वस्त विमा कोठे मिळेल’ हा तेथील प्रश्न आम्हांला क्षुल्लक वाटत नाही. तो तसा आपल्याही दारातला प्रश्न आहे.

सक्तीच्या मोटार विम्याची कल्पना इंग्लंडमध्ये 1930 च्या कायद्याने आली. ब्रिटिश हिंदुस्थानात 1939 च्या मोटार वाहन कायद्यात तिला जागा मिळाली आणि 1 जुलै 1946 पासून ती अमलात आली. त्या वेळी बीदर-गुलबर्गा निजामाच्या आणि गोवा पोर्तुगिजांच्या अमलाखाली होता. आज 1988 चा कायदा सर्वांना सारखाच लागू आहे. त्याच्या 146 व्या कलमान्वये तृतीय पक्षाच्या, म्हणजे रस्त्यावरील इतरांच्या, नुकसानीचा विमा उतरविल्यावाचून कोणालाही सार्वजनिक रस्त्यावर वाहन आणता येत नाही. आणल्यास पहिल्या गुन्ह्याला दोन हजार रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी 2019 च्या दुरुस्तीनंतरची शिक्षा आहे. असे असूनही देशातील निम्म्याहून अधिक वाहने विम्याविना फिरत असल्याचे संसदेच्या समितीनेच नमूद केलेले आहे. दंडाच्या भीतीने जे साधले नाही ते केवळ दंड वाढवून साधेल, असे आम्हांला वाटत नाही. लोकांना विमा परवडला पाहिजे, आणि त्याहूनही आधी तो कळला पाहिजे.

या सक्तीच्या विम्याचा दर चालकावर अवलंबून नसतो, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. विलायतेत नवशिक्या तरुणाला प्रौढापेक्षा कितीतरी अधिक हप्ता पडतो. आपल्याकडे तृतीय पक्षाचा दर सरकार ठरविते आणि तो खासगी मोटारीच्या इंजिनाच्या आकारमानावर ठरतो. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरपत्रकात एक हजार सीसीपर्यंतच्या मोटारीला 2,094 रुपये, दीड हजारापर्यंत 3,416 आणि त्यावरील मोटारीला 7,897 रुपये असा वार्षिक हप्ता आहे. तो कोणत्याही कंपनीत तेवढाच. तेव्हा ‘आमच्याकडे थर्ड पार्टी स्वस्त’ असे जो दलाल सांगतो, तो एक तर अज्ञानी असला पाहिजे किंवा लबाड. आणि त्याने दिलेला कागद खरा आहे की नाही, हे तपासून घेतलेले बरे.

खरी घासाघीस होऊ शकते ती स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात. 1 जानेवारी 2007 पासून या भागावरचे दरांचे बंधन उठले आणि कंपन्यांत चढाओढ सुरू झाली. येथे मात्र कोण चालवितो आणि किती चालवितो, याचा विचार करणाऱ्याला पैसे वाचविता येतात. भालकीचा एखादा निवृत्त शिक्षक महिन्यातून दोनदा गाडी बाहेर काढीत असेल, तर जितके किलोमीटर तितका हप्ता ही सवलत त्याच्यासाठीच आहे. विमा नियामकाने 2022 साली अशा योजनांना मोकळीक दिली. लहानसहान नुकसान स्वतः सोसण्याची तयारी दाखविली तरी हप्ता उतरतो. वर्षभर दावा केला नाही तर नुकसानीच्या हप्त्यावर 20 टक्के सूट मिळते, आणि सलग पाच वर्षे दावा न केल्यास ती 50 टक्क्यांपर्यंत जाते. ही सूट मालकाची असते, गाडीची नव्हे. जुनी गाडी विकून नवी घेतली तर ती आपल्याबरोबर येते. पण नूतनीकरणास 90 दिवसांहून अधिक विलंब झाला तर वर्षांची पुण्याई एका आळसात जाते.

स्वस्ताईच्या या सरळ वाटा सोडून माणसे आडवाटेला लागतात तेव्हा अनर्थ ओढवतो. अशा आडवाटा सीमाभागात जशा आहेत तशा आपल्याकडेही आहेत. त्यांतील तीनांचा येथे निर्देश करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

पहिली वाट म्हणजे गाडी जुनी झाली म्हणून केवळ सक्तीचाच विमा ठेवणे. नाव तृतीय पक्षाचे असल्यामुळे आपल्या गाडीत बसलेले पाहुणेही त्यात आले, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे. केवळ सक्तीच्या विम्यात फुकट बसविलेल्या सहप्रवाशाचा समावेश होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली तिलक सिंग प्रकरणात दुचाकीवर मागे बसलेल्याच्या संदर्भात स्पष्ट केले आणि पुढे तेच तत्त्व मोटारीतील प्रवाशांनाही लागू झाले. उलट सर्वंकष विम्यात गाडीतील प्रवासी समाविष्ट असतात, हे 2012 च्या बालकृष्णन प्रकरणात मान्य झाले. म्हणजे आई, मावशी, शेजारी यांना घेऊन गाणगापूरला निघालेल्या गृहस्थाने हप्त्यात जे चार-पाच हजार वाचविले असतील, ते नेमके त्यांच्या संरक्षणाचे असतात. मालकाने घ्यावयाचा 15 लाखांचा अपघात विमाही मालक स्वतः चालवीत असेल तरच त्याच्या कामी येतो. गाडी वडिलांच्या नावावर आणि चाक मुलाच्या हाती, हे तर घरोघरचे चित्र आहे. त्या मुलासाठी आणि पगारी चालक असल्यास त्याच्यासाठीही वेगळे संरक्षण मागून घ्यावे लागते, आणि ते फार महाग नसते.

दुसरी वाट खासगी क्रमांकाची गाडी भाड्याने फिरविण्याची. मराठवाड्यात जिला काळी-पिवळी म्हणतात तिची उणीव सीमेवरच्या खेड्यांत अशाच गाड्या भरून काढतात. हैदराबादचे इस्पितळ, गाणगापूरची पौर्णिमा, लग्नाची तिथी, अशा प्रसंगी दारातली मोटार चार पैसे मिळवून देते, आणि टपावर वा पाठीमागे काही लिहिलेले नसल्याने कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. आपल्या गोव्यात पर्यटकांना खासगी गाड्या भाड्याने देण्याचा जो प्रकार बोकाळला आहे, तो याचाच भाऊबंद. खासगी विमा हा भाड्यासाठी नसतो, असे त्या कागदावर छापलेलेच असते. अपघात झाला तर गाडीच्या नुकसानीचा दावा फेटाळला जातो. जखमींना वा मृतांच्या वारसांना भरपाई द्यावी असे न्यायालयाने कंपनीस सांगितले, तरी ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा कंपनीला मिळू शकते. हप्ता वाचविण्यासाठी केलेल्या या लहानशा असत्याची किंमत कधी कधी घर आणि शेत अशी असते. हीच गत मालाच्या टेंपोतून आणि शेतीच्या ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीतून नेलेल्या वऱ्हाडाची. मालवाहू वाहनातील फुकट प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, हे आशा राणी प्रकरणानंतर ठरून गेलेले आहे. उसाच्या आणि तुरीच्या या मुलखात ट्रॉलीत माणसे बसविलेली कोणी पाहिली नाहीत?

तिसरी वाट सीमेवर विशेष रुळलेली. सोलापूर, लातूर किंवा हैदराबादेत वापरलेली मोटार स्वस्तात घ्यायची आणि नाव न बदलता तशीच चालवायची. परराज्यातील वाहन बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास नव्याने नोंदणी करावी लागते आणि कर भरावा लागतो. तो टाळणे हा या टाळाटाळीचा हेतू. परंतु मालकी बदलल्यावर सक्तीचा विमा कायद्याने नव्या मालकाकडे येत असला, तरी गाडीच्या नुकसानीचा विमा आपोआप येत नाही. तो स्वतःच्या नावावर करून घ्यावा लागतो. जुन्या मालकाच्या नावाच्या कागदावर नवा मालक वर्षानुवर्षे हप्ता भरीत राहतो आणि दाव्याच्या वेळी रिकाम्या हाताने परत येतो.

हे सारे सांगून लोकांनाच दोष देण्याचा आमचा हेतू नाही. लोक अडाणी आहेत म्हणून हे घडते, असे म्हणणे सोपे. परंतु ज्या कागदाची सक्ती सरकार करते, तो कागद इंग्रजीत, बारीक टायपात आणि वकिलाच्या भाषेत हाती पडतो, त्याचे काय? औरादचा शेतकरी मराठी वाचतो, त्याचा शेजारी कन्नड वाचतो. विम्याची इंग्रजी दोघांनाही सारखीच परकी. कोणाचे संरक्षण आहे, कोणाचे नाही आणि गाडी कशासाठी वापरता येणार नाही, या तीन गोष्टी पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत ग्राहकाच्या भाषेत छापल्या पाहिजेत. विमा नियामकाचे कार्यालय हैदराबादेत आहे. बीदरपासून ते दीडशे किलोमीटरच्या आत आहे. इतक्या जवळचा हा आवाज तेथे पोहोचावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.

दुसरी गोष्ट कराची. सप्टेंबर 2025 मध्ये व्यक्तिगत आयुर्विमा आणि आरोग्य विमा यांवरील वस्तू व सेवा कर काढून टाकण्यात आला. त्याचे स्वागत झालेच पाहिजे. परंतु खासगी मोटारीच्या सक्तीच्या विम्यावर 18 टक्के कर कायम आहे. त्यामुळे 2,094 रुपयांचा हप्ता प्रत्यक्षात 2,471 रुपयांवर जातो. जो विमा घेण्याची मुभा नाही, सक्ती आहे, आणि ज्याचा लाभ रस्त्यावरच्या अनोळखी पादचाऱ्याला होतो, त्यावर कर बसविणे म्हणजे कर्तव्य करणाऱ्याकडून दंड घेण्यासारखे आहे. निम्म्याहून अधिक वाहने विम्याविना धावत असताना हा कर ठेवण्याचे समर्थन आम्हांला तरी करता येत नाही.

तिसरी गोष्ट हंगामी गरजेची. जत्रा आणि धार्मिक मेळे यांसाठी तात्पुरता परवाना देण्याची तरतूद 1988 च्या कायद्याच्या 87 व्या कलमात आहे. जत्रेची गरज कायद्याने परवान्यापुरती ओळखली. खासगी गाडी चार दिवस उघडपणे भाड्याने चालविता येईल आणि तेवढ्या दिवसांचा जादा हप्ता भरता येईल, अशी सोय का करू नये? लपून चालणाऱ्या गाड्या त्यामुळे उजेडात येतील. चालकांच्या बाबतीत असा समंजसपणा न्यायालयाने दाखविलेलाच आहे. हलक्या वाहनाचा परवाना असलेल्याला साडेसात हजार किलोपर्यंतचे प्रवासी वा माल वाहतुकीचे वाहन चालविता येते, असा निर्वाळा घटनापीठाने 6 नोव्हेंबर 2024 रोजी दिला आणि रिक्षा-टेंपो चालविणाऱ्या हजारो गरिबांच्या दाव्यांतील एक अडसर दूर झाला. तक्रारींचेही तसेच. कलबुर्गीत 2013 पासून उच्च न्यायालयाचे कायम पीठ आहे. मग बेंगळुरूच्या विमा लोकपालांनी वर्षातून काही दिवस तेथे येऊन सुनावणी घेणे अशक्य कोटीतले का असावे?

सरकार हे करील तेव्हा करील. आपण मात्र तोवर थांबण्याचे कारण नाही. स्वस्त विमा म्हणजे सर्वांत कमी रकमेचा विमा नव्हे. जो चालवितो, जो बसतो आणि ज्या कामासाठी गाडी निघते, त्या तिघांना लागू पडणारा विमा हाच शेवटी स्वस्त पडतो. नवी मोटार घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे की तीन वर्षांचा असतो तो सक्तीचा भाग. नुकसानीचा भाग बहुधा वर्षाचाच असतो आणि तो संपलेला कळतही नाही. येत्या यात्रेला निघताना दारात नारळ अवश्य वाढवावा. पण त्याआधी मोटारीच्या खणातील तो कागद बाहेर काढून उजेडात एकदा नीट वाचावा. आणि भाड्याची गाडी असेल तर चालकाकडे तो मागण्यात संकोच बाळगू नये.